ईपीएफओची 'एस्टॅब्लिशमेंट सर्च': पतसंस्थेतून निवृत्त झालेल्यांनी आधी हे पान उघडावं

ठाणे, नवी मुंबईतल्या पतसंस्थांत पेन्शनच्या थकलेल्या वर्गणीबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "ते जुन्या कमिटीच्या काळातलं." कमिटी बदलली तरी संस्था तीच असते आणि देणंही तिचंच. मात्र हे ठणकावून सांगायला हातात महिना आणि आकडा हवा. तो ईपीएफओच्या, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी (पीएफ) संघटनेच्या संकेतस्थळावर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' या पानावर फुकट मिळतो, लॉगिनही लागत नाही.

संस्थेचा कोड टाकून 'व्ह्यू पेमेंट डिटेल्स' उघडा. पगाराचा महिना, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम, कर्मचारी किती, सगळं ओळीने दिसतं. शेजारी आपलं पासबुक ठेवा आणि पेन्शनचा रकाना महिन्यागणिक ताडून बघा. तुम्ही सप्टेंबर २०१४ च्या आधीपासून पेन्शनचे सदस्य असाल आणि पगार १५,००० किंवा जास्त असेल, तर त्या महिन्यापासून तिथे १,२५० हवेत. संस्थेचं चलन (पैसे भरल्याची नोंद) आहे पण तुमच्या रकान्यात शून्य, याचा अर्थ तुमचं नाव गाळलंय किंवा पेन्शनचा भाग वेगळा न काढता मालकाचा अख्खा १२ टक्के वाटा पीएफमध्येच टाकलाय. चलनच नसेल तर सरळ थकबाकी. वयाच्या ५८ नंतरचं शून्य मात्र बरोबर आहे.

नावाने शोधणं ही या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू. 'को-ऑप'चं स्पेलिंग जरा बदललं की संस्था सापडत नाही. म्हणून मेंबर आयडीतला (पीएफ खाते क्रमांकातला) कोड वापरा. सुरुवात टीएचटीएचए असेल तर ठाणे कार्यालय, टीएचव्हीएसएच असेल तर वाशी. २०१२ च्या आधीच्या कागदी चलनांसाठी पगारपत्रकं आणि फॉर्म ३ए (कर्मचाऱ्याच्या वर्गणीचा वार्षिक तक्ता) शोधावेच लागतात.

हे कष्ट वाया जात नाहीत. सेवा साडेनऊ वर्षं भरली तर ती १० धरतात आणि मासिक पेन्शन बसतं. दोन-चार महिने कमी पडले की फक्त एकरकमी पैसे हातात येतात.

गाळलेल्या महिन्यांची यादी एका पीडीएफमध्ये करून ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार संकेतस्थळावर तक्रार टाका आणि १९५२ च्या पीएफ कायद्यातल्या कलम ७ए खाली थकबाकीची चौकशी मागा. थकबाकीवर १२ टक्के व्याज संस्थेनेच भरायचं असतं, ते कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही. "मालमत्ता बँकेकडे तारण आहे" हीही सबब चालत नाही. २००९ मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीएफच्या थकबाकीला तारणाच्याही आधी मान दिलाय.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आणि यंत्रशक्तीविना चालणाऱ्या सहकारी संस्थेला तो कायदा लागूच नव्हता. पण संस्थेचा कोड निघालेला असेल आणि पगारातून कपात झालेली असेल, तर कपात दाखवणारी पगाराची पावती पुरावा म्हणून जपून ठेवा.