जुन्या पिकअपचे पुढचे बुश: चालवून ओळखावेत की टॉमी लावून?

ब्रेक दाबताच पुढून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला की बुश (चाक धरून ठेवणारा आर्म चासीला जिथे जोडलेला असतो तिथले, धातूच्या नळीला चिकटलेले रबर) गेले असावेत, असा संशय येतो. चालवून पाहायला अवजार लागत नाही. मात्र सैल बॉल जॉइंटही (आर्म आणि चाकाकडची बाजू जोडणारा गोल सांधा) जवळजवळ तशीच लक्षणे दाखवतो, त्यामुळे निदान अंदाजापुढे जात नाही. टॉमीच्या, म्हणजे रेटायच्या लोखंडी कांबीच्या, तपासणीत गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवण्याचा खटाटोप आहे खरा, पण आर्म आणि चासी यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच रेटल्यावर रबर धातूच्या नळीपासून सुटलेले असेल तर ती फट डोळ्यांना दिसते. वरवरच्या बारीक भेगांवरून बुश बाद ठरवू नये. जुन्या रबराला त्या पडतातच. गाडी उचलून पाहावी का, एवढेच ठरवायचे असेल तर चालवून पाहणे पुरेसे आहे. सुटे भाग विकत घ्यायचे असतील तर टॉमीच लावावी.