लिचेस: दोन हजारांच्या पुढे अडकलेल्या खेळाडूच्या नजरेतून

ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत, २००० ते २२०० रेटिंगच्या दरम्यान वर्षानुवर्षं रेंगाळणारे खेळाडू ऑनलाइन बुद्धिबळात सगळीकडे भेटतात. डावपेच दिसतात, ओपनिंगच्या पहिल्या दहा-बारा चाली पाठ असतात, तरी रेटिंग पन्नासने वर जातं आणि आठवड्यात तिथेच परत येतं. अशा खेळाडूला लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा सुधारणेसाठी कितपत उपयोग होतो, एवढंच या परीक्षणात पाहिलं आहे. नवशिक्याचा विचार इथे केलेला नाही.

लिचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी यांनी फ्रान्समध्ये सुरू केलं. ती ना-नफा संस्था आहे आणि देणग्यांवर चालते. जाहिराती नाहीत, पैसे भरून उघडणारा एकही कप्पा नाही. देणगी देणाऱ्याच्या नावाशेजारी पंखाचं चिन्ह येतं, सुविधा मात्र सगळ्यांना सारख्याच. रेटिंग ग्लिको-२ पद्धतीने मोजलं जातं आणि सुरुवात १५०० पासून होते. त्यामुळे इथला आकडा फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या किंवा दुसऱ्या संकेतस्थळाच्या आकड्याशेजारी ठेवू नका. स्वतःच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहणं योग्य.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे डावाच्या विश्लेषणाकडे. डाव संपल्यावर संगणक-विश्लेषण मागितलं की स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन प्रत्येक चाल तपासतं, चुकांवर खुणा करतं आणि अचूकता टक्क्यांत दाखवतं. त्या खुणांमागचं गणित बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसल्यामुळे निष्कर्ष चुकीचे निघतात. कोण किती प्याद्यांनी पुढे आहे ते इंजिन आकड्यात सांगतं; लिचेस तो आकडा आधी जिंकण्याच्या शक्यतेत बदलतं. बरोबरी म्हणजे ५० टक्के, एका प्याद्याची आघाडी म्हणजे साधारण ५९, तीन प्याद्यांची ७५, सहाची ९० आणि नऊची ९६. ही शक्यता एका चालीत ५ टक्क्यांनी घसरली तर किरकोळ चूक, १० ला चूक आणि १५ ला घोडचूक. म्हणून +९ वरून +६ वर आलात तर किरकोळ चुकीवर भागतं, पण बरोबरीच्या स्थितीतून पावणेदोन प्यादी गमावली की घोडचुकीची लाल खूण पडते. माझ्या मते ही रचना शहाणपणाची आहे, कारण माणसाचे डाव त्या मधल्या पट्ट्यातच हरतात. तिचा तोटाही आहे. जिंकलेल्या डावात तुम्ही सहा चाली ढिलेपणाने खेळलात तरी अचूकता ९० च्या वर दिसू शकते, आणि डाव खरंतर कधी हातातून निसटणार होता ते कळतच नाही. दोन हजारांच्या खेळाडूचा सगळ्यात मोठा गळका भाग हाच असतो: जिंकलेली स्थिती प्रत्यक्ष जिंकणं.

म्हणून क्रम असा ठेवा. डाव संपल्यावर इंजिन लगेच लावू नका. पाच-सात मिनिटं नुसता डाव पाहा. जिथे तुम्ही सगळ्यात जास्त गोंधळलात अशा तीन जागा निवडा आणि तिथे काय खेळायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं ते टिपून ठेवा. त्यानंतर विश्लेषण मागवा. तुम्ही निवडलेल्या जागा आणि इंजिनने दाखवलेल्या जागा जुळल्या तर तुमची धोक्याची जाणीव शाबूत आहे, कमी पडतंय ते पुढच्या चाली मोजण्याचं गणित. जुळल्याच नाहीत तर धोका दिसलाच नव्हता, आणि त्यावरचा इलाज वेगळा. ‘आपल्या चुकांमधून शिका’ हे बटण त्याच स्थिती पुन्हा समोर ठेवून चांगली चाल शोधायला लावतं. ते उत्तम आहे, पण वरचा टप्पा गाळून थेट तिथे गेलात तर निम्मा फायदा जातो. एक छोटी युक्ती: संगणकावर विश्लेषण उघडं असताना ‘एक्स’ कळ दाबली की प्रतिस्पर्ध्याची धमकी बाणाने दिसते. चूक का झाली हे इंजिन शब्दांत सांगत नाही, पण हा बाण पुष्कळदा तेच सांगून जातो.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो पटाखालचा वेळेचा आलेख. प्रत्येक चालीला किती सेकंद गेले ते त्यात उभ्या पट्ट्यांनी दिसतं. ३+२ चा डाव घ्या, म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं आणि दर चालीला दोन सेकंदांची भर. चाळीस चालींत तुमच्या हाती एकूण २६० सेकंद येतात, म्हणजे चालीमागे साडेसहा. अशा डावात अकराव्या चालीला ४५ सेकंद गेले असतील तर सात चालींचा वेळ एका चालीत संपला. बहुतेक वेळा ती उंच पट्टी ओपनिंगच्या पाठ चालींबाहेर पडण्याच्या नेमक्या क्षणी असते, आणि चौतिसाव्या चालीची घोडचूक आठ सेकंद उरलेले असताना होते. इंजिन लाल खूण चौतिसाव्या चालीवर मारतं, पण बिघाड अकराव्या चालीतला असतो. दहा डावांचे आलेख शेजारी ठेवून पाहिले की हा नमुना लपत नाही. दुसरा नमुना उलटा. प्रतिस्पर्ध्याने मोहरा मारला की एका सेकंदात परत मारणं. मधे एखादा शह किंवा वजिरावरचा हल्ला घालून मग मारणं फायद्याचं होतं, ते या सवयीमुळे हुकतं.

ओपनिंग एक्सप्लोररमध्ये तीन भाग आहेत: नामवंतांचे डाव, लिचेसवरचे सगळे डाव आणि एका खेळाडूचे डाव. तिसऱ्यात स्वतःचं नाव घाला, रंग निवडा आणि बुलेट, म्हणजे एखाद्या मिनिटाचे डाव, वगळा. पहिल्यांदा डाव गोळा व्हायला थोडा वेळ लागतो. मग प्रत्येक चालीपुढे तुमचे विजय, बरोबरी आणि पराभव दिसतात. समजा तुम्ही काळ्याकडून कॅरो-कान ही ओपनिंग खेळता: १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई५ उंट एफ५. यात ४.एच४ ला तुमचे आकडे एकदम घसरलेले दिसले, तर आत शिरून पाहा. ४...ई६ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) ही सवयीने येणारी चाल इथे मोहरा घालवते. ५.जी४ नंतर उंट ई४ वर गेला तर ६.एफ३ उंट जी६ ७.एच५, आणि उंटाला घर उरत नाही. सी२ वरचं प्यादं जागेवर असल्याने बी१ च्या घोड्यावर उडी मारून सुटताही येत नाही. ४...एच५ किंवा ४...एच६ खेळायला हवं. हा सापळा तुम्हाला ठाऊक असेलही. पण घाईत तुम्ही त्यात किती वेळा पडलात याचा हिशेब हाच भाग देतो. एक सावधगिरी: ज्या चालीचे डाव विसाहून कमी, तिच्या टक्केवारीवर ओपनिंग सोडण्याचा निर्णय घेऊ नका.

इनसाइट्स हा भाग आणखी खोल जातो. सरासरी नुकसान ओपनिंग, मध्यखेळ आणि अंतिम खेळ असं वेगळं करून पाहता येतं, तसंच कोणता मोहरा हलवताना चूक होते तेही. ‘संधी साधणं’ या मापात प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचा फायदा तुम्ही किती वेळा उचललात ते कळतं. हे माप कमी असेल तर तुम्ही फक्त स्वतःच्या योजनेकडे बघत खेळता आहात. मात्र चालींच्या दर्जाची ही मापं विश्लेषण झालेल्या डावांवरच उभी असतात, आणि नुसते हरलेले डाव तपासले तर चित्र वाकडं येतं. जिंकलेल्या डावांचंही विश्लेषण मागवा.

कोड्यांचा साठा ४० लाखांहून मोठा आहे, आणि तो खेळाडूंच्या खऱ्या डावांतून निघालेला आहे. दोष कोड्यांचा नाही, वापराचा आहे. ‘स्टॉर्म’मध्ये तीन मिनिटांत धडाधड सोडवणं म्हणजे ओळखीच्या नमुन्यांची उजळणी, त्यातून गणिताची खोली वाढत नाही. अडकलेल्या खेळाडूने अवघडपणा ‘जास्त कठीण’वर, म्हणजे स्वतःच्या कोड्यांच्या रेटिंगपेक्षा सुमारे ३०० वर ठेवावा आणि रोज दहाच कोडी सोडवावीत. प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम बचावासकट पूर्ण ओळ, म्हणजे चालींचा क्रम, डोक्यात दिसेपर्यंत मोहऱ्याला हात लावू नये. पहिली चाल बरोबर आणि तिसरी चूक, असं वारंवार होत असेल तर तुम्ही अंदाजाने खेळता आहात. विषय निवडून सोडवणार असाल तर शांत चाल आणि बचावाची चाल हे दोन घ्या, कारण शह आणि माऱ्याच्या चाली या पातळीवर सगळ्यांनाच दिसतात.

अंतिम खेळासाठी लिचेसकडे जे आहे ते खरोखर मोलाचं आहे. पटावर राजांसकट सात किंवा कमी मोहरे उरले की एक्सप्लोररमध्ये कोष्टक उघडतं आणि प्रत्येक चाल जिंकते, बरोबरीत सुटते की हरते ते पक्कं सांगतं. इथे अंदाज नाही, अंतिम उत्तर आहे. फिलिडोर स्थिती, म्हणजे हत्ती आणि प्याद्याविरुद्ध नुसत्या हत्तीने बरोबरी वाचवण्याची स्थिती, मांडून पाहा: पांढऱ्याचा राजा डी५, हत्ती ए७, प्यादं ई५, काळ्याचा राजा ई८, हत्ती जी६. काळ्याचा हत्ती सहाव्या ओळीवर पहारा देतो, पांढऱ्या राजाला पुढे येऊ देत नाही. प्यादं ई६ वर ढकललं त्याच क्षणी हत्तीने जी१ वर जायचं. कारण पांढऱ्याला आता राजा डी६ वर आणून ए८ वर मात करायची आहे, आणि त्याच्या राजाला शहांपासून आडोसा देणारं प्यादं पुढे निघून गेलं आहे. राजा डी६ वर आला की हत्ती डी१, शह. हे वाचून सगळ्यांना येतं. दहा सेकंदांत येतं का, हे बघण्यासाठी ‘इथून पुढे खेळा’ हा पर्याय वापरून स्टॉकफिशच्या आठव्या पातळीविरुद्ध ही स्थिती घड्याळ लावून वाचवा. सलग पाच वेळा वाचवली की पुढच्या स्थितीकडे वळा.

स्वतःच्या चुका साठवायला ‘स्टडी’ आहे. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात. प्रत्येक प्रकरणात एक स्थिती ठेवा आणि पुढच्या चाली लपवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे महिन्याने उघडल्यावर उत्तर आधीच दिसत नाही. हे कष्टाचं काम आहे, लिचेस ते आपोआप करून देत नाही, आणि ही उणीव मला खटकते.

आणखी काही उणिवा. चालीमागचं कारण शब्दांत समजावणारं इथे काहीच नाही; तशी सवय असलेल्याला सुरुवातीला कोरडं वाटेल. सर्व्हरचं विश्लेषण झटपट असतं, पण गुंतागुंतीच्या स्थितीत तेवढ्यावर विसंबू नये. तिथे ब्राउझरमधलं इंजिन लावून तीन ओळी दाखवायला सांगा आणि खोली, म्हणजे इंजिन किती चाली पुढचं बघतं तो आकडा, तिशीच्या आसपास जाईपर्यंत थांबा. फोनवर हे करताना फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून हे काम लॅपटॉपवरच करा.

शेवटची अडचण प्रतिस्पर्ध्यांची. ब्लिट्झला काही सेकंदांत जोडी लागते, पण २१०० च्या पुढे १५+१० ला ताटकळावं लागतं, ३०+२० ला त्याहून जास्त. नेमकी सुधारणा मात्र याच डावांतून होते, कारण विचार करायला वेळ असूनही झालेली चूक तुमच्या समजुतीतली असते. यावर चांगला मार्ग म्हणजे लिचेसवर चालणाऱ्या संघांच्या लीग. लिचेस४५४५ मध्ये ४५+४५ चा डाव आठवड्यातून एकदा होतो आणि वेळ दोन्ही खेळाडू आपसांत ठरवतात. भारतातून खेळताना युरोपातला प्रतिस्पर्धी आला तर आपली रात्रीची वेळ जुळते. अमेरिकेतला आला तर शनिवार-रविवारची सकाळ आधीच सुचवून ठेवा.