जोन ऑफ आर्कवरचा १९२८ चा मूकपट: आवाज बंद करून बघा

संतांवरचा पिक्चर म्हटलं की आपल्याकडं सगळं ठरलेलं असतं, भिंत चालणार, वह्या पाण्यावर तरंगणार, शेवटी विमान येणार आणि छळ करणारा पाया पडून रडणार. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' मध्ये असलं काहीही होत नाही. १९ वर्षांची एक पोरगी, तिच्यासमोर टकली, सुरकुतलेली, डोळे वटारणारी धर्मपंडित मंडळी, ते विचारणार आणि ही उत्तर देणार, बास. एवढ्यावर दीडेक तास काढलाय आणि बघणारा जागचा हलत नाही.

आधी थोडी गोष्ट, कारण पिक्चर काहीच सांगत बसत नाही आणि थेट कोर्टात नेऊन उभं करतो. जोन ही डोंरेमी गावची शेतकऱ्याची मुलगी, लिहिता वाचता न येणारी. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात पिढ्यान् पिढ्या युद्ध चाललेलं आणि ही म्हणायला लागली की मला देवदूताचा, संतांचा आवाज येतो, राजपुत्राला गादीवर बसव म्हणून सांगतात. १४२९ मध्ये तिच्यासोबत गेलेल्या फौजेनं ऑर्लेआंचा वेढा उठवला आणि त्याच वर्षी रँसला सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. पुढच्या वर्षी ती पकडली गेली, पकडणाऱ्या बर्गंडीवाल्यांनी (हे पण फ्रेंचच, पण इंग्रजांच्या बाजूचे) पैसे घेऊन तिला इंग्रजांना दिलं, आणि ज्याला गादीवर बसवलं तो राजा काय सोडवायला आला नाही. रूआं शहरात बिशप कोशाँनं खटला चालवला, ३० मे १४३१ ला तिला जिवंत जाळलं. १४५६ मध्ये चर्चनंच तो निकाल रद्द केला आणि १९२० मध्ये तिला संत म्हणून जाहीर केलं. म्हणजे हा पिक्चर आला तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम ८ वर्षं झालेली.

घोडे, तलवारी, लढाई बघायला जाणार असाल तर राहू द्या. पिक्चर फक्त खटल्याचा आणि जाळण्याचा आहे. कित्येक महिने चाललेला खटला डायरेक्टर कार्ल ड्रायरनं (गडी डॅनिश, पिक्चर फ्रेंच) एका दिवसात कोंबलाय, पण प्रश्नोत्तरं मूळ खटल्याच्या कागदपत्रांवरून घेतलीत. आणि खरी मजा तिथंच आहे. एक जण विचारतो, तुझ्यावर देवाची कृपा आहे का? आता हा प्रश्न म्हणजे सापळा, हो म्हणली तर गर्विष्ठ, पाखंडी, नाही म्हणली तर स्वतःच कबूल केलं. एक तरुण पाद्री मध्येच बोलतो की प्रश्न धोक्याचा आहे, तर त्यालाच दरडावून गप्प करतात. आणि ही पोरगी म्हणते, नसेल तर देव करो आणि होवो, असेल तर देव तशीच ठेवो. समोरच्यांची तोंडं बघण्यासारखी होतात! निरक्षर पोरगी ओ ही.

हे बघताना मला सारखं पैठण आठवत होतं. शुद्धिपत्र मागायला गेलेली ती चार भावंडं आणि समोर बसलेली शास्त्री मंडळी. गोष्ट तीच, देवाशी तुमची परस्पर ओळख कशी, आमच्या सहीशिक्क्याशिवाय? फरक एवढाच की आपल्या गोष्टीत रेडा वेद बोलतो आणि प्रकरण मिटतं. इथं रेडा बोलत नाही. इथं ख्रिस्तप्रसाद तिच्या तोंडापाशी आणतात आणि म्हणतात आधी कबुलीच्या कागदावर सही कर, आणि तिनं नाही म्हटल्यावर परत नेतात. तो सीन आईनं माझ्यासोबत बघितला आणि ती एवढंच म्हणाली, "मेल्यांनो, देवाचं तरी द्या की तिला." मला यावर वेगळा रिव्ह्यू लिहायची गरज वाटत नाही.

आता जोनचं काम करणारी फाल्कोनेती. ही मूळची नाटकवाली. आम्ही सांगलीकर स्वतःला नाट्यपंढरीचे म्हणवतो, १८४३ ला विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर इथंच झालं वगैरे सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळं रंगभूमीचा नट कॅमेऱ्यासमोर आला की शेवटच्या रांगेसाठी हातवारे करतो हे आम्हाला बरोबर कळतं. ही बाई हातवारेच करत नाही. कॅमेरा इतका जवळ की चेहऱ्याशिवाय पडद्यावर काही उरत नाही, मेकअप कुणालाच नाही, ओठांच्या भेगा दिसतात, केस कापतानाच्या सीनमध्ये तर तिचे केस खरेच कापलेत. वय विचारल्यावर बोटांवर मोजते आणि १९ सांगते, प्रार्थना कुणी शिकवली विचारल्यावर आई म्हणते आणि डोळ्यातून पाणी, तिथं मी पॉज करून चहा ठेवायला उठलो कारण बसवेना. आणि गंमत म्हणजे पैसा ओतून किल्ल्याचा मोठ्ठा सेट बांधलेला, तो नीट दाखवतच नाही हा माणूस. निर्मात्यांचं काय झालं असेल!

खटकलं ते पण सांगतो. न्यायाधीश जरा जास्तच कुरूप दाखवलेत, मस, सुटलेल्या हनुवट्या, थुंकी उडवणारी तोंडं, खालून लावलेला कॅमेरा. वाईट माणूस दिसायला वाईटच असतो असं नसतं की, एखादा सभ्य, गोड चेहऱ्याचा असता तर जास्त भीती वाटली असती. एक आहे तसा, विश्वासात घेऊन राजाचं खोटं पत्र दाखवणारा, आणि तोच सगळ्यात डेंजर वाटतो. शेवटच्या दंगलीत कॅमेरा उलटासुलटा फिरवलाय ते मला जास्त झालं, तेवढ्या वेळात आगीपुढचा तिचा चेहरा अजून बघायला आवडला असता.

संगीताचं म्हणाल तर ड्रायरनं ठराविक असं काही ठरवून ठेवलेलं नाही. नंतर लोकांनी आपापलं लावलं, रिचर्ड आइनहॉर्नचं १९९४ चं कोरसवालं सगळ्यात गाजलं. चांगलं आहे ते, वाद नाही, पण आता रडा असं कानात सांगत राहतं. मिरजेला जिथं गल्लीत तंबोरे बनतात तिथल्या नातेवाइकांना मी हे बोललो तर जेवायला बोलवायचे नाहीत, पण पहिल्यांदा म्यूट करूनच बघा. दुसऱ्यांदा हवं ते लावा.

पिक्चरचं नशीब पण जोनसारखंच. मूळ निगेटिव्ह बर्लिनमध्ये आगीत गेली, ड्रायरनं उरलेल्या टेकमधून परत जुळवलेली कॉपी पण आगीत गेली असं म्हणतात, आणि १९८१ मध्ये ओस्लोजवळच्या मनोरुग्णालयात एका कपाटात चांगली प्रिंट सापडली. त्यामुळं कुठंतरी धुरकट, कापलेली कॉपी फुकट दिसली तर ती नको, ओस्लोच्या प्रिंटवरून केलेली बघा. वेगाप्रमाणं लांबी बदलते, ८२ मिनिटांची पण मिळते आणि ९७ ची पण, मला सावकाश चालणारी ९७ वाली पटली. पाट्या वाचायला वेळ मिळतो, आणि घरात कुणाला इंग्रजी येत नसेल तर वाचून सांगायला पण. रक्त काढायचा एक सीन आहे आणि शेवट तर काहीच न लपवता दाखवलाय, लहान पोरांना झोपवून मग लावा.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा त्या हनुवट्यांचा कापला.