चाळीसने गुणलेले चौदा महिने

विजेचं मीटर पळत होतं म्हणून मी फसलो असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मीटर सरळ होतं, आजही सरळ आहे. फसवलं ते मीटरच्या पेटीवर मार्करने लिहिलेल्या एका आकड्याने. चौदा महिन्यांत माझे 1,94,460 रुपये गेले आणि तो आकडा रोज सकाळी शटर वर करताना माझ्या डोळ्यांसमोर होता. लिहायलाही लाज वाटते, कारण धंदा माझा मोजमापाचाच. लेथवर शंभरावा भाग चुकला तर पोराला झापणारा माणूस मी.

भाड्याचा गाळा, वीज मालकाच्या नावावर, आपल्याला सबमीटर, म्हणजे मालकाच्या मीटरपुढे आपल्यापुरतं वेगळं मीटर. हा प्रकार काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. माझ्याकडे दोन लेथ, एक वेल्डिंग मशिन, कंप्रेसर आणि किरकोळ ग्राइंडर. जोडलेला भार 25 अश्वशक्ती, म्हणजे 18.65 किलोवॅट. मालक म्हणाला, तीन फेजचं सीटीवालं (करंट ट्रान्सफॉर्मरवालं) मीटर लावून घ्या, आमचा वायरमन आहे, खर्च तुमचा. मीटर, तीन सीटी, पेटी, वायर आणि मजुरी मिळून 18,500 रुपये. मी घासाघीस केली नाही. नवी जागा, ऑर्डरी अंगावर आलेल्या, दोन दिवसांत मशिनं फिरायला हवी होती.

सीटीचा हिशोब माहीत असणाऱ्यांनी पुढची पाच वाक्यं सोडून द्यावीत. मोठा करंट थेट मीटरमधून जात नाही. जाड केबल सीटीच्या कड्यातून जाते आणि तिच्या प्रमाणात छोटा करंट बारीक वायरीने मीटरला पोचतो. सीटीवर 100/5 असेल तर केबलमधले शंभर अँपिअर मीटरला पाच दिसतात, म्हणून मीटरचं वाचन वीसने गुणायचं. 200/5 असेल तर चाळीसने. ह्यालाच एमएफ म्हणतात, गुणक.

वायरमन कामात हुशार होता, हे मान्य करावंच लागेल. आर, वाय, बी तिन्ही फेज लावल्यावर त्याने डिस्प्लेवर तिन्ही अक्षरं उजळलेली दाखवली. फेजचा क्रम तपासला. एखादी सीटी उलटी बसली तर ती वजा मोजते आणि वाचन एक तृतीयांशावर येतं, हेसुद्धा मला त्यानेच शिकवलं. "साहेब, आपल्याकडे उलटंसुलटं काम नाही." मी प्रभावित झालो. आता कळतं, जे तपासण्यासारखं होतं तेवढं सोडून बाकी सगळं त्याने मला दाखवलं.

पेटी अजून उघडी होती तेव्हा मी आत डोकावलो. मधल्या सीटीच्या पाटीवर 100/5 लिहिलेलं होतं. मी वाचलं. वाचलं, म्हणून तर विचारलं, "हे शंभर-पाच काय आहे?" तो स्क्रू आवळत होता, मान वर न करता म्हणाला, "जुनी पाटी आहे साहेब, आतला कोअर दोनशेचा." जुनी पाटी! सीटी माझ्या पैशांनी नवीन आणलेल्या, खोकं माझ्या पायाशी पडलेलं, आणि पाटी जुनी कशी असेल? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. चौदा महिन्यांनी रात्री अडीच वाजता पडला. त्यावर कडी म्हणजे मी पेटीचा फोटो काढला होता, भावाला पाठवायला, बघ आपलं थ्री फेज आलं म्हणून. त्या फोटोत 100/5 स्वच्छ दिसतं. पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या खिशात होता.

मग झाकण बसलं, तारेचं सील लागलं, आणि वर मार्करने "गुणक 40". जाताना तो म्हणाला, "सील तोडलंत तर वीजचोरीची कलमं लागतात, सांगून ठेवतो." मी घाबरलो आणि पुन्हा त्या पेटीला हात लावला नाही. सबमीटरवर वीज कंपनीचं सील असतं कुठे? ते सील त्याच्या खिशातलं होतं, त्यावर कसलाही शिक्का नव्हता. सील दिसलं की आधी विचारा, कुणाचं आहे.

पहिल्या महिन्याचं वाचन 58. गुणिले 40, गुणिले मालकाचा दर 11 रुपये. बिल 25,520. जुन्या जागेत बारा-तेरा हजारांच्या वर कधी गेलं नव्हतं. मी विचारलं. गप्प बसलो नाही, हे नोंदवून ठेवतो. मालक शांतपणे म्हणाला, "तुमची लेथ एक वाढली ना? शंका असेल तर टेस्टिंग करून घ्या, माणूस मी पाठवतो." माणूस आला, एका पेटीतून यंत्र काढलं, बारीक वायरींना चिमटे लावले, अर्धा तास आकडे घेतले. मीटरची चूक अधिक 0.3 टक्के. वर्ग 1.0 च्या मीटरला एक टक्क्यापर्यंत चालते, म्हणजे पास. 3,500 रुपये घेतले आणि प्रमाणपत्र दिलं. सगळं छापील, फक्त गुणकाच्या रकान्यात हाताने 40. तो खोटं बोलला नाही हो! त्याने मीटर तपासलं, मीटर बरोबर निघालं. चिमटे सीटीच्या पलीकडे, मीटरच्या बाजूला लावले तर सीटी शंभरची आहे की दोनशेची ते दिसणारच नाही. करंट मोजायचा तर जाड केबलचाही मोजायला हवा. ते प्रमाणपत्र मी चांगल्या फ्रेममध्ये लावायचं बाकी ठेवलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं तरी कळायला हवं होतं. हवं होतं. पण महिन्याअखेर पगार, मटेरियलची उधारी, कर, त्यात वीजबिलाची चिठ्ठी येते, वर प्रमाणपत्र आहे, तर माणूस भरतो. कारणंही मीच शोधून दिली. कधी कंप्रेसर जुना झालाय, कधी वेल्डिंग जास्त झालं. एका महिन्यात तर रात्री दिवे चालू ठेवले म्हणून पोरांवर ओरडलो. तीन एलईडी बल्ब होते ते.

कळलं ते कंप्रेसरची मोटर जळाली तेव्हा. रिवाइंडिंगवाले काका मोटर बसवून करंट बघत होते. सगळी मशिनं एकदम चालू, मेन केबलवर क्लॅम्प मीटर (बाहेरून अडकवून करंट मोजणारं यंत्र) लावला, दर फेजला 18 अँपिअर. बोलता बोलता त्यांनी बिल विचारलं, मी सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच थापा मारतोय. तिथेच खडूने फरशीवर हिशोब मांडला. 415 व्होल्ट, 18 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.8, तिन्ही फेज मिळून साधारण 10.35 किलोवॅट, तेही सगळं एकदम चालू असताना. आणि माझं बिल महिन्याला 2,480 युनिट. महिन्याचे 26 दिवस, रोज नऊ तास, म्हणजे 234 तास. सरासरी 10.6 किलोवॅट. म्हणजे माझी मशिनं चौदा महिने एक क्षणही थांबली नाहीत. जॉब बांधताना नाही, जेवताना नाही, माल संपला तेव्हाही नाही. हा भागाकार मी कधी केला नव्हता. भागाकार! बाकी वीजशास्त्र राहू द्या, तुमच्या बिलाच्या युनिटला कामाच्या तासांनी आजच भागून बघा.

मग काकांनी ते न-सील तोडलं. मेनला 18 अँपिअर असताना मीटरकडे जाणाऱ्या बारीक वायरीत 0.9 आले. अठराला 0.9 ने भागा, वीस. दोनशेची सीटी असती तर 0.45 दिसले असते. पाच मिनिटांचं काम. पण ती बारीक वायर चालू भारावर कुणी सोडवायची नाही, अजिबात नाही. सीटीचं सर्किट उघडं पडलं की तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. क्लॅम्प नुसता बाहेरून घालायचा, आणि तोही जाणत्या माणसाने.

क्लॅम्प नसेल तर मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजा. माझ्या मीटरवर एका युनिटला 10,000 पल्स लिहिलेत. नंतर मी सगळं बंद करून एकेक किलोवॅटचे तीन हीटर तिन्ही फेजवर लावले. मिनिटाला 25 वेळा लुकलुकलं. तासाला 1,500 पल्स, म्हणजे 0.15 युनिट. वीसने गुणलं तर 3 किलोवॅट, चाळीसने गुणलं तर 6. तीन किलोवॅटचे हीटर सहा किलोवॅट खात असतील तर मला नवल वाटेल.

आणखी दोन फसव्या जागा आहेत. काही मीटरमध्ये सीटीचं प्रमाण आतच भरलेलं असतं, डिस्प्ले थेट खरा आकडा दाखवतो, मग गुणायचंच नसतं. आणि पाटीवर खरोखर 200/5 असली तरी केबल कड्यातून किती वेळा गेली आहे ते मोजा. दोन वेढे असतील तर ती सीटी शंभर-पाचसारखीच वागते.

चौदा महिन्यांचं एकूण वाचन 868. चाळीसने 34,720 युनिट, मी भरले 3,81,920 रुपये. वीसने होतात 17,360 युनिट आणि 1,90,960 रुपये. तितकेच जास्तीचे गेले. त्यावर टेस्टिंगचे 3,500, एकूण 1,94,460.

आता दाद मागायची कुठे? वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ग्राहक क्रमांक? माझ्या नावावर नाही म्हटल्यावर, "मग तुम्ही आमचे ग्राहक नाही." वरच्या अभियंत्यांना भेटलो. ते म्हणाले, आमच्या मीटरच्या पुढे काय लावलंय त्याच्याशी आमचा संबंध नाही. बरं, तुमच्या प्रयोगशाळेत सीटी तरी तपासून द्या, पैसे भरतो. तर अर्ज मूळ ग्राहकाच्या सहीने हवा. मूळ ग्राहक म्हणजे कोण? गाळामालक! ज्याने लुटलं त्याच्याकडूनच लुटीचा तपास करायची परवानगी आणायची. मी हसलो तर साहेब म्हणाले, यात हसण्यासारखं काय आहे.

पोलीस ठाण्यात अंमलदाराला गुणक समजावता समजावता माझाच घसा बसला. त्याने शेवटी विचारलं, "मीटर बरोबर आहे ना? मग तक्रार काय?" त्यानंतर दिवाणी मामला, वकील करा. वजनमापांच्या कार्यालयात म्हणाले, वजनकाटा असता तर बघितलं असतं. ग्राहक मदत केंद्रावर सांगितलं, गाळा धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक ठरता की नाही ते आधी बघावं लागेल. एकूण नऊ फेऱ्या, चार दिवस कारखाना बंद, आणि हातात एका अर्जाची पोच, तीही शिक्का पुसट. प्रत्येक जण मला समजावून सांगत होता की ही गोष्ट त्याच्या टेबलाची का नाही. कुणाच्या टेबलाची आहे ते एकालाही सांगता आलं नाही.

मालक म्हणतो वायरमनची चूक, वायरमन म्हणतो मालकाने सांगितलं तो आकडा लिहिला. मालकाने चाळीस हजार देऊ केले, लिहून काही देणार नाही म्हणाला. मी घेतले नाहीत. वकिलाची नोटीस गेली आहे. "गुणक 40" अजून पुसलेला नाही, पुरावा आहे म्हणून वर प्लास्टिक चिकटवलंय.

परवा शेजारच्या गाळ्यात नवीन भाडेकरू आला. मीटर लावायला तोच वायरमन, तीच शिडी. मी जाऊन शिडीखाली उभा राहिलो, फोनचा कॅमेरा चालू केला आणि नव्या माणसाला सांगितलं, विचारा ह्यांना सीटी कितीची आहे. त्याने विचारलं. वायरमनने माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "शंभर-पाच साहेब, गुणक वीस."