औसा रोडचं फिजिओथेरपी सेंटर: जुन्या पाठदुखीसाठी जावं का?

आधी जिन्याचं सांगतो, कारण पाठीच्या पेशंटला तेच आधी माहीत पाहिजे. लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत खाली मेडिकल आहे आणि हे सेंटर त्याच्यावर, तेही दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला. कमरेचं दुखणं घेऊन येणाऱ्यांचा दवाखाना इतक्या वर ठेवण्यामागं भाडं सोडून दुसरं काही कारण नसणार. फोन केला तर फिजिओथेरपिस्ट मॅडम खाली मेडिकलच्या मागच्या खोलीत येऊन तपासतात, पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही. पाचातला एक स्टार मी ह्याच्यासाठीच कापलाय.

मी वायरमन. चाकूर तालुक्यात लाईनवर होतो. २०१९ च्या पावसाळ्यात डीपीवर काम करताना शिडी सरकली आणि खाली आलो तो आधी टाचांवर, मग बुडावर. असं पडलं की दणका टाचेतून सरळ वर पाठीत जातो. एल-वन, म्हणजे कमरेचा पहिला मणका, पुढच्या बाजूनं चेपला. पडलेल्या माणसांचा बहुतेक वेळा हाच भाग जातो. छातीचे मणके बरगड्यांनी जखडलेले, कमरेचे मोकळे हलणारे, आणि दोन्हींची गाठ पडते ती छातीच्या बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी. नस वाचली. टेलर ब्रेस, म्हणजे पाठ सरळ धरून ठेवणारा पट्टा, घालून घरी पडून राहिलो, हाड जुळलं, पुन्हा ड्युटीवर गेलो. आता पोलवर नाही, सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून. दुखणं मात्र राहिलंच. सकाळी उठताना पाठ लाकडासारखी, एका जागी अर्धा तास बसलं की कमरेच्या वर आग, आणि काळीपिवळीत मागच्या सीटवर बसलो तर दुसरा दिवस वाया.

दुखणं जुनं झालं की गावात प्रत्येकाकडं त्याच्यावर एक इलाज असतो. आईचा आग्रह पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घेण्याचा. आमच्याकडं उसण भरली की हे करतातच, आणि उसणीला त्यानं बरं वाटतं म्हणणारेही भेटतात. पण चेपलेल्या मणक्यावर लाथ म्हणजे कमालच. सासरवाडीहून बिब्ब्याचा निरोप आला. मेडिकलवाला डायक्लोफिनॅकची पट्टी न विचारता काढून ठेवायचा. ह्या गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या की पोट आणि किडनी दोन्हींवर येतं, म्हणून आमच्या गावच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन तपासायला लावलं आणि पट्टी बंद केली.

मग सर्जन. एका मोठ्या शहरातल्या सर्जननी एमआरआय उजेडाला धरला आणि वरचा-खालचा मणका धरून स्क्रू-रॉड टाकू म्हणाले. खर्च अडीच लाखाच्या घरात. बायको म्हणाली, शेत आहे, बघू काहीतरी. मी दुसरीकडं दाखवलं. ह्या दुसऱ्या सर्जननी एमआरआय बाजूला ठेवला आणि साधे एक्स-रे काढायला पाठवलं: एक सरळ उभ्यानं, एक पुढं वाकून, एक मागं वाकून. एमआरआय झोपवून काढतात, तेव्हा पाठीवर अंगाचं वजन नसतं. उभं राहून वाकल्यावर मणका जागचा सरकतो का, हे ह्या थोडक्या पैशांच्या फोटोत दिसतं. माझा सरकत नव्हता. पायांत ताकद बरोबर होती, लघवी-संडासचा त्रास नव्हता. ते म्हणाले, "नस दबलेली असती किंवा मणका हलत असता तर मीच तुम्हाला टेबलवर घेतलं असतं. नुसतं दुखायलंय म्हणून स्क्रू टाकले तर दुखणं जाईलच, ही खात्री मी देत नाही." चिठ्ठीवर ह्या सेंटरचं नाव त्यांनीच लिहून दिलं.

ह्याच्या आधी मी गावाकडच्या एका दुसऱ्या सेंटरला पॅकेज घेऊन गेलो होतो. तिथं रोज झोपवायचे, पाठीला चार पॅड चिकटवून मशीन चालू करायचे, मुंग्या यायच्या, वीस मिनिटांनी टिंग वाजलं की उठायचं. कधी गरम शेक, कधी कमरेला पट्टे बांधून ताण. घरी जाईपर्यंत बरं वाटायचं. त्यामुळं औसा रोडला पहिल्या दिवशी मीही शर्ट काढून पालथं पडायच्या तयारीनंच गेलो.

मॅडमनी खुर्चीवर बसवलं. कसा पडलात, कशावर पडलात, ब्रेस कधी काढला, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, ताप, वजन कमी होणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं, सगळं विचारलं. गुडघ्यावर हातोडी मारली. टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, अंगठा वर करून दाबून बघितला. मग हात न टेकता खुर्चीतून उठ-बस करायला लावली आणि घड्याळ लावून मोजली. एक तास गेला त्यात. शेवटी विचारलं, "तुम्हाला काय करता यायला पाहिजे?" मी म्हणालो, दुखणं गेलं पाहिजे. त्या म्हणाल्या, ते दोघांनाही पाहिजे, पण काम सांगा. मी तीन सांगितली: आठ तासांची शिफ्ट बसून-उठून काढायची, चाकूर ते लातूर बसनं येऊन दुसऱ्या दिवशी उभं राहता यायचं, आणि घरी पाण्याचा वीस लिटरचा जार उचलायचा. लातूर जिल्ह्यात पाणी उचलता न येणारा माणूस घरात अर्धाच असतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी वाहिलेली आमची पाठ. मॅडमनी तिन्ही कामं वहीत लिहिली. दोनशे पानी साधी वही. ती पेशंटनं आणायची, पहिल्या दिवशी खालच्या स्टेशनरीतून घ्यायला लावतात.

मशीन आहे त्यांच्याकडं, कोपऱ्यात, वर कापड टाकून. मला ते लावलं नाही. बाहेर बाकावर ह्यावरून रोज कुरबुर चालते. निलंग्याकडचे एक काका माझ्यासमोर उठून गेले: "नुसता व्यायामच सांगायचा तर पैसे कशाचे घेतेत?" त्यांचंही बरोबर वाटतं. आपल्याकडं दवाखाना म्हणजे सुई, सलाईन नाहीतर मशीन. अंगाला काही लागलं नाही तर पेशंटला उपचार झाल्यासारखं वाटत नाही, आणि ते ओळखूनच गल्लोगल्ली मशीनवाली सेंटर चालतात. पहिल्या भेटीचे ५०० आणि पुढं प्रत्येक वेळी २५०, हे मला मात्र वसूल वाटले.

व्यायाम साधेच. पाठीवर पडून कंबर उचलणं, हाता-गुडघ्यांवर रांगत्या अवस्थेत एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं, काठी पाठीला लावून कंबर सरळ ठेवून वाकणं, आणि चालणं. भुजंगासन चालेल म्हणाल्या. पश्चिमोत्तानासनासारखं पुढं दुमडायचं काही इतक्यात नको, कारण मणका पुढच्याच बाजूनं चेपलेला. डंबेलच्या जागी गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाणी भरून उचलायचा, आधी अर्धा. वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या: काय केलं, करताना दुखणं दहात किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती. करताना थोडं वाढलं तर घाबरायचं नाही. सकाळपर्यंत मूळ आकड्यावर आलं तर माप बरोबर. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी बंद करायचं नाही, निम्मं करायचं. बरं वाटलेल्या दिवशी डबल करायचं नाही, ह्यावर त्यांचा जास्त जोर. चांगला दिवस आला की माणूस राहिलेली सगळी कामं उरकतो आणि पुढचे चार दिवस आडवा पडतो. वही मागं चाळली की हे आपल्याच अक्षरात दिसतं.

भिंतीवर मराठीत लिहिलेला एक तक्ता आहे, तो वाचण्यासारखा आहे. २०१५ साली ३,११० जणांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचे अभ्यास एकत्र करून बघितले होते, आणि ह्यातल्या कुणालाच पाठदुखी नव्हती. विशीच्या लोकांत ३७ टक्के जणांची मणक्यांमधली गादी झिजलेली निघाली, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. "गॅप पडलाय" म्हणून घाबरून आलेल्यांना मॅडम आधी त्या तक्त्यापुढं उभं करतात.

माझं फ्रॅक्चर खरंच होतं, त्यामुळं तो तक्ता मला अर्धाच लागू. जुळलेलं हाड का दुखतंय, हे त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. घरात एकदा मोठा फॉल्ट झाला, तो काढला, पण त्यानंतर ईएलसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) इतका हलका झाला की मिक्सर लावला तरी पडतो. पाठीतल्या नसांचं तसं होतं म्हणे. पटलं मला. फक्त एक सांगतो. कुठलाही वायरमन मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून वायरिंग तपासल्याशिवाय ईएलसीबीला दोष देत नाही. उभ्यानं आणि वाकून काढलेले ते एक्स-रे म्हणजे माझा मेगर. ते हातात नसताना कुणी "नसा संवेदनशील झाल्यात, व्यायाम करा" म्हणालं असतं तर मी ऐकलं नसतं, आणि ऐकूही नये. मॅडमही ते रिपोर्ट बघितल्याशिवाय सुरुवात करत नाहीत. माझ्यासमोर एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या, घरात घसरून पडलेल्या, चारच दिवस झालेले. त्यांना हातसुद्धा लावला नाही, फी घेतली नाही, आधी एक्स-रेला पाठवलं.

पट्ट्याचं बऱ्याच जणांना विचारायचं असतं. मी कमरेचा पट्टा शर्टाच्या आतून दिवसभर बांधायचो, तो काढला की उघडं पडल्यासारखं वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टे, ट्रॅक्शन म्हणजे कमरेला ताण, मुंग्या आणणारी टेन्स मशीन हे नेहमीच्या उपचारात वापरू नये असं म्हटलंय. मी ते मोबाईलवर दाखवलं तर मॅडमनीच अडवलं: ह्या सूचना ज्यांच्या दुखण्यामागं फ्रॅक्चरसारखं ठरावीक कारण नाही अशा लोकांसाठी आहेत, तुमच्यावर जशाच्या तशा लावायच्या नाहीत. मग पट्टा हळूहळू सोडवला. आधी घरात, मग ड्युटीवर. प्रवासात अजून बांधतो, त्याला त्यांची ना नाही. आपल्याच बाजूचा कागद पुढं आला असताना तो पूर्ण लागू नाही म्हणून सांगणारा माणूस मला पैसे देण्यालायक वाटतो.

सगळ्यांनाच इथं उपयोग होईल असं नाही. बाकावर एक बाई भेटायच्या, ऊसतोडीच्या. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं काम. पाठ त्याच्यातच गेलेली. वजन निम्मं करा, मधे थांबा, हे त्यांना कोण करू देणार? आगाऊ उचल घेतलेली, कोयता (मजुरीची जोडी) नवरा-बायकोचा मिळून एक, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत फडातून सुटका नाही. मॅडमनी मोळी उचलायची पद्धत बदलून दाखवली, चुंबळ कशी ठेवायची ते बघितलं, आणि त्याच्यापुढं त्यांच्याकडंही काही नव्हतं. त्या बाई नंतर दिसल्या नाहीत.

आणखी दोन तक्रारी. व्यायामाचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवतात ते अंधारात काढलेले, पाय कुठला आणि हात कुठला कळत नाही. आणि संध्याकाळी सहानंतर गर्दी इतकी की वेळ घेऊनही ताटकळत बसावं लागतं, ते पण प्लास्टिकच्या खुर्चीवर. सकाळी जा.

माझा हिशेब असा: दुखणं गेलेलं नाही. वहीत पूर्वी सकाळचा आकडा सहा-सात असायचा, आता तीन-चार असतो, गारठ्यात पाच. शिफ्ट होते. बसचा प्रवास झेपतो, ड्रायव्हरच्या मागच्या बाजूची सीट मिळाली तर. जार दोन्ही हातांनी अंगाशी धरून उचलतो, खांद्यावर नाही. नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिनची रात्रीची गोळी गावच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणली. तिनं गुंगी यायची आणि सबस्टेशनला गुंगी परवडत नाही. ही गोळी एकदम सोडायची नसते. मॅडमनी स्वतः गोळ्यांत हात घातला नाही, डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

ऑपरेशन नको, हे माझं ठरलंय, निदान पायाची ताकद कमी होत नाही किंवा लघवी अडकत नाही तोवर. तसं काही झालं तर वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून दिलंय. राहिला प्रश्न सुईचा. मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांकडं जाणारी बारीक नस आधी बधिर करून बघतात. तेवढे तास दुखणं उतरलं तरच तीच नस रेडिओफ्रिक्वेन्सीनं तापवून बंद करतात. नस काही महिन्यांनी, कुणाला वर्षभरानं पुन्हा वाढते आणि दुखणं परत येऊ शकतं. मॅडम म्हणाल्या, करायची असेल तर तो मोकळा काळ व्यायाम वाढवायला वापरा, नाहीतर नुसते पैसे जातील. पेन क्लिनिकची दिवाळीनंतरची तारीख घेऊन ठेवलीय. पैसे अजून भरलेले नाहीत.