नवऱ्याला सुधरवायला नेलं, वही माझ्याही हातात आली

शुगरवाल्यांना सवयी बदलायला मदत करणारा हा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट मला सात महिन्यांत एकदाही चालू दिसली नाही. 'तेवढाच व्यायाम होतो काकू' असं काउंटरवरचा मुलगा म्हणतो. गुडघे धरलेल्या बाईला हा विनोद सांगू नये. ही तक्रार आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

मी सोलापुरात घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, वय ५४. शुगर सहा वर्षांपासून, तंबाखू लग्नाच्या आधीपासून. सप्टेंबरात यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.९ आली. साडेसहापासून पुढं डायबेटिस धरतात, म्हणजे बघा. नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि इथली चिठ्ठी दिली. खरं सांगायचं तर कुणीतरी यांना चांगलं झापावं एवढ्याचसाठी मी यांना इथं आणलं.

झापणं राहिलं बाजूला. दवाखान्यातल्या मॅडम वयानं आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली, एका टोकाला शून्य, दुसऱ्याला दहा, आणि यांना विचारलं, 'काका, तंबाखू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?' हे म्हणाले, चार. मी तोंड उघडलंच होतं. मॅडमनी माझ्याकडं न बघता हात वर केला आणि म्हणाल्या, 'चार का? शून्य का नाही?'

असा उलटा प्रश्न यांना कुणी कधी विचारला नव्हता. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, नात मांडीवर बसत नाही, वास येतो म्हणते. मग म्हणाले, खालचा एक दात हलतोय. मग कारखान्यातल्या एकाचं निघालं, तोंडाचं ऑपरेशन झाल्यापासून तो नुसतं पातळ खातो. यातलं एकेक मी यांना शंभरदा ऐकवलंय. यांच्या तोंडून मात्र मी ते पहिल्यांदा ऐकलं.

'आणि सोडायला जमेल, याची खात्री किती?' यावर दोन. मॅडम म्हणाल्या, 'मग आज काही सोडायचं नाही. आज फक्त मोजायचं.'

या विचारण्याच्या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दारू सोडवण्याच्या कामातून १९८३ साली ती पहिल्यांदा मांडली. खोलीत एक तक्ताही आहे, प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोघांच्या पायऱ्यांचा: मनातच नाही, विचार चालू, तयारी, कृती, टिकवणं. सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी त्या काढल्या. तो तक्ता बघून माझ्या एक लक्षात आलं. हे 'विचार चालू'वर बसलेले, आणि मी वरून चौथ्या पायरीवरून ओरडत होते.

यांना एक छोटी वही दिली. तंबाखू तोंडात टाकली की एक रेघ, शेजारी वेळ, आणि त्याच्या आधी काय झालं ते. पहिल्या दिवशी १४ रेघा. आठवड्यानं मॅडमनी वही उलटून बघितली तर निम्म्याहून जास्त रेघांशेजारी एकच गोष्ट: 'माग चालू केला'. काही बिघडून माग थांबायचा, हे जाऊन दुरुस्त करायचे, खटाखट सुरू झाला की हात आपोआप खिशातल्या पुडीकडं. तल्लफ वगैरे काही नाही, काम झाल्याची पावती घ्यावी तसं. मग एकच वाक्य ठरलं आणि यांच्याच अक्षरात लिहून घेतलं: 'माग चालू झाला की आधी वरच्या खिशातली लवंग.' तंबाखू पँटच्या खिशातून डब्याच्या पिशवीत गेली, पिशवी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधी ठरवलं की काम पार पडायची शक्यता वाढते, हे पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलंय म्हणे. महिन्याभरात १४ च्या ६ झाल्या.

आता माझी पाळी. मॅडमनी विचारलं, 'काकू, तुम्ही दिवसातून किती वेळा बोलता तंबाखूवरून?' मी म्हणलं, एखाद्या वेळी. त्यांनी तसलीच दुसरी वही काढून माझ्या हातात दिली. रविवारी, हे घरी असताना, ११ रेघा भरल्या, आणि त्यात पुडी लपवण्याची एक धरलेलीच नाही. राग आला. पैसे भरून आणलं कुणाला आणि वही कुणाला! पण मी बोलायची कमी झाले तसं यांचं कडी लावून मोरीत जाऊन तंबाखू खाणं बंद झालं, हेही खरं. आता लपवायचं कुणापासून?

जेवणाच्या बाबतीत हा दवाखाना कच्चा आहे. छापील तक्त्यात ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट. आमच्या मंगळवार बाजारात ब्रोकोली शोधत फिरले असते तर भाजीवाल्या बायका हसल्या असत्या. मी तो कागद परत केला आणि म्हणलं, भाकरीचं बोला. तेव्हा कुठं कामाचं बोलणं झालं. भाकरी शुगरला चालते म्हणून हे कडक भाकरी आमटीत कुस्करून खायचे, आणि कडक भाकरी पडली कागदासारखी पातळ, कुणी मोजतच नाही. चार-पाच सहज जायच्या. ज्वारी झाली तरी पिठूळच ती. आता दोन, आणि आधी काकडी-मुळा. चटणीचा हिशोब मीच केला. किलोभर शेंगदाण्याला मी ३० ग्रॅम मीठ घालते. म्हणजे वाटीभर, ५० ग्रॅम चटणीत सव्वा ग्रॅमच्या वर मीठ, आणि दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाटी गेली, चमचा आला. (गिऱ्हाइकांना यातलं काही सांगत नाही, धंदा आहे.)

चालण्याचं आधी फसलं. सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी असं ठरलं होतं, पण आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, येतं ते नेमकं फिरायच्या वेळी. मॅडम मूळच्या पुण्याच्या, त्यांना हे समजायला दोन भेटी गेल्या. मग रात्री ताट उचललं की मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, दहा मिनिटं, असं केलं. जेवणानंतर लगेच चाललं की शुगर कमी उसळी मारते. हे टिकलंय, एप्रिलच्या उन्हाळ्यातसुद्धा, कारण रात्री आठनंतर घरातच जास्त उकडतं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत घोटाळा झाला. हे पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेले, जुने मित्र भेटले, आणि चार दिवस रेघा पुन्हा दहाच्या वर. मला वाटलं, संपलं. दवाखान्यात सांगताना यांचा आवाज पडला होता. मॅडमनी नुसतं विचारलं, 'पाचव्या दिवशी परत सहावर कसे आलात?' आणि ते लिहून घेतलं. एकवीस दिवसांत सवय लागते हे व्हॉट्सअॅपवरचं खोटं आहे, हेही तेव्हाच कळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ९६ जणांवर बघितलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, कुणाला २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही.

सध्या यांच्या रोज दोन रेघा आहेत, शून्य नाही. एचबीएवनसी ७.४. वाढवलेल्या गोळीनं किती काम केलं आणि वहीनं किती, मला वेगळं काढता येणार नाही. नात बसते मांडीवर, रात्रीचं चालून तोंड धुतल्यावर.

जाणाऱ्यांसाठी: पहिल्या भेटीचे ६००, पुढं ३००. अकराची वेळ दिली तरी नंबर साडेबारा-एकला लागतो, म्हणून पाळीवाल्यांनी दुपारपाळीचा आठवडा धरू नये, यांचे दोन खाडे त्यातच झाले. मोबाईलवरचं अॅप सगळं इंग्रजीत, ते घेऊ नका, वही मागा. निघताना काउंटरवर प्रोटीन पावडरचा डबा पुढं करतात. मॅडमनी तो एकदाही सांगितलेला नाही, तेव्हा नको म्हणून सरळ जिना उतरायचा. पाचातले साडेतीन तारे, आणि त्यातले तीन त्या शून्याच्या प्रश्नाचे.