मोझरेला की चेडर?

तव्यावर ब्रेड भाजताना माझा हात आधी चेडर चीजकडे जातो. मोझरेला चीजची तार मलाही आवडते. घास तोडला तरी ताटापर्यंत लांबणारा तो पांढरा धागा पाहून लहान मुलंच काय, मोठेही खुलतात. ती तार येते चीज बनवण्याच्या पद्धतीतून. दह्यासारखं घट्ट झालेलं दूध गरम पाण्यात मऊ करून ताणतात, त्यामुळे त्यातली प्रथिनं एका दिशेने धाग्यांसारखी रचली जातात. चव मात्र सौम्य, दुधाळ. म्हणून टोमॅटो, तुळस, लसूण असे बोलके सोबती असले की ते खुलतं. पिझ्झ्यावर त्याला तोड नाही.

चेडरचं बळ मुरण्यात आहे. काही महिने, कधी वर्षाहून जास्त मुरलं की आंबटसर, खमंग, किंचित तिखट चव येते. मूठभर किसही अख्ख्या पातेल्याला पुरतो. पण फार मुरलेलं चेडर मोठ्या आचेवर फाटतं, तूप वेगळं सुटतं. सॉस करताना मी गॅस बंद करते, मगच किस थोडा थोडा घालते. आधी दुधात चमचाभर मैदा शिजवलेला असला की सॉस गुळगुळीत राहतो.

नुसतं खायचं असेल तर मुरलेलं चेडरच, सफरचंदाच्या फोडीबरोबर. फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढलेलं. ताजं मोझरेला मात्र आणलं त्याच दिवशी संपवावं, वर मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून.